श्रीमंत ‘हुशार पण स्वार्थी’, गरीब ‘प्रामाणिक पण आळशी’: या समजुती येतात कुठून?

सायली_नाशिक
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली तेव्हापासून ऑफिसात, नातेवाइकांत, सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांत एकच वाक्य ऐकतेय की महिन्याला १५०० फुकट मिळतात, आता ही माणसं काम कशाला करतील. आणि हीच मंडळी दुसऱ्या दिवशी सांगतात की आमच्या मावशी काय प्रामाणिक आहेत हो, अख्खं घर त्यांच्यावर टाकून गावाला जाते मी. म्हणजे आळशीही तेच आणि प्रामाणिकही तेच. पैसेवाल्यांचंही तसंच. एखाद्या बिल्डरचं नाव निघालं की ‘एवढा पैसा सरळ मार्गाने येतो का’ आणि लगेच पाठोपाठ ‘पण डोकं आहे हां गड्याकडे’.

माझं मत असं की या जोड्या उगाच जुळलेल्या नाहीत. दरी जेवढी मोठी तेवढी ती पचवायला अशा जोड्या लागतात. गरीब आळशी आहे म्हटलं की त्याची गरिबी त्याच्यावरच ढकलता येते, आणि तो समाधानी आहे, त्याला शांत झोप लागते म्हटलं की आपल्याला टोचत नाही. श्रीमंताला सुख नाही म्हटलं की आपला हेवा जरा निवतो. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबचा २०२४ चा अभ्यास सांगतो की २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या १ टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. एवढी दरी असलेल्या देशात आपण एकमेकांबद्दल काय समजून बसतो आणि त्यातलं किती खरं असतं, यावर तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

सह्याद्रीवारा
चांगला विषय. धागा शंभरी गाठणार. जागा धरून ठेवतो.

हिशेबनीस
सायलीताई, थोडं विरोधात लिहितो. विस्तव असल्याशिवाय धूर निघत नाही. माझ्याकडे ड्रायव्हर होता, वर्षभरात त्याच्या घरी इतक्या लोकांना त्याने मारलं की मी मोजणं सोडून दिलं. आजोबा, आत्या, चुलत सासरे. कामावर यायचं नसलं की कुणीतरी गेलेलंच. मग मी काय समजायचं? हा पूर्वग्रह नाही, अनुभव आहे. तुम्ही लोक प्रत्येक गोष्ट समाजव्यवस्थेवर ढकलता आणि माणसाची स्वतःची जबाबदारी म्हणून काही उरतच नाही.

मावळतीची_उन्हं
हिशेबनीस +१. आमच्याकडेही हेच.

मीनल_व
हिशेबनीस, तुमच्या प्रतिसादावरच लिहावंसं वाटलं. माझी आई तीस वर्षं घरकाम करायची, पुण्यात. सकाळी साडेसहाला निघायची, भांडी, कपडे, फरशी, दोन घरी पोळ्या. मी आता हॉस्पिटलात नर्स आहे. मला वर्षाला पगारी रजा आहेत, आजारी पडले की वेगळ्या, आणि कंटाळा आला म्हणून घरी बसले तरी मी फॉर्मवर ‘वैयक्तिक कारण’ एवढंच लिहिते, कुणी विचारत नाही. आईला महिन्याला दोन खाडे माफ होते, तिसऱ्याचे पैसे कापायचे. बाळाच्या शाळेत पालकसभा आहे म्हणून सुट्टी मागितली तर ‘संध्याकाळी ठेवता येत नाही का सभा’ असं तिला विचारलेलं मी ऐकलंय. अंग दुखतंय म्हटलं तर ‘गोळी देते, हळूहळू कर’. एकच कारण असं होतं की ज्यावर समोरची बाई काही बोलू शकत नव्हती, ते म्हणजे कुणीतरी वारलं. तुमचा ड्रायव्हर खोटं बोलत असेलही. पण खरं सांगून रजा मिळत असती तर तो खोटं बोलला असता का, हे एकदा बघा.

आणि दुसरी गोष्ट. समजुती काय फक्त वरून खाली नसतात. आई आणि तिच्या बरोबरच्या बायका रिक्षा स्टँडजवळ थांबायच्या तेव्हा त्यांची पूर्ण वर्गवारी ठरलेली असायची. बंगल्यातली म्हातारी माणसं हिशोबाला चिकट पण दिवाळीला साडी नक्की. नवीन टॉवरमधली नवराबायको दोघं नोकरीवाली, पैसे वेळेवर टाकतात पण नाव विचारत नाहीत. डॉक्टरीणबाई बोलायला गोड, शिळं द्यायला पुढे. ही वर्गवारी बऱ्यापैकी बरोबर निघायची कारण त्या रोज त्या घरात असायच्या. कुणाच्या फ्रीजमध्ये काय आहे, कुणाचं नवऱ्याशी वाजलंय, कुणाच्या मुलाला नोकरी नाही, सगळं माहीत. उलट त्या घरांतल्या एकीलाही आम्ही कुठे राहतो ते माहीत नव्हतं. ‘तिकडे वस्तीत’ एवढंच. ज्याला दुसऱ्यावर अवलंबून पोट भरायचंय त्याला दुसऱ्याचा स्वभाव ओळखावाच लागतो. ज्याला गरज नाही त्याचं ठोकताळ्यावर भागतं.

आईने हप्त्यावर मोबाईल घेतला तेव्हा एका घरी वाक्य आलं, ‘अरे वा, आमच्यापेक्षा भारी फोन’. तो फोन माझ्या नर्सिंगच्या ऑनलाईन लेक्चरसाठी होता. आईने सांगितलं नाही, कशाला सांगायचं म्हणाली.

सह्याद्रीवारा
मीनलताई, प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

हिशेबनीस
मीनल, रजेचा मुद्दा मान्य. पण म्हणजे खोटं बोलणं बरोबर ठरतं असं नाही ना? मी एवढंच म्हणतोय की अनुभवातून मत बनतं.

मनोगती
मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर घालते. सायलीने ज्याला जोड्या म्हटलंय त्यावर बरंच काम झालेलं आहे. सुझन फिस्क आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलं की कुठल्याही गटाबद्दल आपण मनात दोन प्रश्न विचारतो. हे लोक आपल्याशी चांगले वागतील का, म्हणजे जिव्हाळा, आणि यांच्यात काही करून दाखवायची कुवत आहे का, म्हणजे कर्तबगारी. श्रीमंतांना बहुतेक ठिकाणी कर्तबगारीत भरपूर गुण आणि जिव्हाळ्यात कमी. गरिबांना कर्तबगारीत कमीच, जिव्हाळ्यात कधी बरे, कधी तेही नाहीत.

सायलीच्या प्रश्नाशी थेट जुळणारा अभ्यास २०१३ चा आहे, फेदेरिका दुरान्ते आणि बऱ्याच देशांतल्या संशोधकांचा. २५ देशांतले ३७ नमुने घेतले. त्यात असं दिसलं की जिथे उत्पन्नातली विषमता जास्त तिथे अशा मिश्र समजुतीही जास्त, म्हणजे एका बाजूने कौतुक आणि दुसऱ्या बाजूने नावं ठेवणं. जिथे समानता जास्त तिथे बहुतेकांना ‘आपलेच’ म्हणून दोन्हीत बरे गुण, आणि थोड्याच गटांना दोन्हीत वाईट. संशोधकांचं म्हणणं असं की मिश्र समजुतींमुळे विषमता टिकायला मदत होते, कारण प्रत्येकाला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं, याला पैसा, त्याला मनाचा मोठेपणा. पण हा संबंध दाखवणारा अभ्यास आहे, विषमतेमुळेच समजुती बनतात असं त्यातून सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवं.

हिशेबनीस
शेवटचं वाक्य महत्त्वाचं, धन्यवाद मॅडम.

बालाघाट
मी बीडचा, आता छत्रपती संभाजीनगरला बँकेत आहे. घरात तीन पिढ्या ऊसतोड. आमच्याकडं नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतेत, माणूस मोजत नाहीत, कोयते मोजतेत. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, दसरा-दिवाळीच्या टायमाला गाडीत संसार भरून कारखान्याच्या फडावर जायचं, पाचटाच्या कोपीत राहायचं, उचल फिटली तर फिटली, नाय तर पुढच्या सालाच्या खात्यावर चढती.

आता ऐका, आमच्याबद्दल साखरपट्ट्यातले लोक काय म्हणतेत. ‘उचल घेतेत आन लग्नात उडवतेत.’ खरंय, उचल लग्नात जाती. पण का जाती? आमच्याकडं एकटा पोरगा तोडीला जाऊ शकत नाही, कोयता पूर्ण लागतो. म्हणून लवकर लग्न, म्हणून हुंडा, म्हणून उचल. बाहेरच्याला दिसतो फक्त मांडव. मी बँकेत बसून कर्जाचे कागद बघतो, शहरातला माणूस लग्नासाठी पर्सनल लोन घेतो त्याला कुणी उधळ्या म्हणत नाही, त्याचा सिबिल स्कोर बघून आणखी देतेत.

दुसरं, बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं. २०१९ ला सरकारनं समिती नेमली, बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. तवा टीव्हीवर चर्चा बघितली मी. एक जण म्हणला, पैशाच्या लोभापायी करतेत, पाळीत खाडा नको म्हणून. माझ्या चुलतीची पिशवी पस्तिशीच्या आत काढली. फडावर न्हाणीघर नाही, पाणी नाही, पहाटे चारला उठून मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरायचा, खाडा झाला की दंड, आणि डॉक्टरनं घाबरवलं की कॅन्सर होईल. ह्यात लोभ कुठं दिसला त्या माणसाला, मला अजून कळालं नाही. लोभ असता तर चुलतीकडं काय तरी दिसलं असतं ना.

मीनल_व
बालाघाट दादा, पिशवी काढलेल्या अशा बायका आमच्या वॉर्डात पुढे हाडं ठिसूळ होऊन येतात. चुलतींना दाखवून घ्या एकदा, कॅल्शियम आणि हाडांची तपासणी.

बालाघाट
व्हय ताई, घेतो दाखवून.

मनोगती
बालाघाट, तुमच्या प्रतिसादावरून आठवलं. २०१३ मध्येच तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, आनंदी मणी, सेंदिल मुल्लइनाथन आणि सहकाऱ्यांचा. तेच शेतकरी, ऊस जायच्या आधी हात आखडलेला असताना आणि पैसे आल्यावर, दोन्ही वेळा डोकं चालवायच्या चाचण्या दिल्या. पैशाची ओढाताण असताना तोच माणूस कमी पडतो, पैसे आले की तोच माणूस चांगली उत्तरं देतो. माणूस बदलला नाही, स्वभाव बदलला नाही. मला या विषयातला हा सगळ्यात बोलका अभ्यास वाटतो, कारण ‘गरिबांना पुढचा विचारच नसतो’ हे आपण स्वभाव म्हणून सांगतो.

मागवाला
मी इचलकरंजीचा. इथे सगळे एकाच बाजूनं बोलायलेत म्हणून दुसरी बाजू सांगतो. वडलांनी दोन यंत्रमागांवर सुरुवात केली, दुसऱ्याच्या शेडमध्ये, रात्रपाळी स्वतः करायचे. आज आमचे चोवीस माग आहेत. गावात नाव काय? ‘कामगारांच्या जिवावर मोठे झाले.’ मंदीत आमच्या शेजारच्यानं माग भंगारात किलोवर विकले, ते कुणी बघितलं नाही, पण माझी गाडी सगळ्यांनी बघितली. सुताचा भाव सकाळी एक संध्याकाळी एक, कापड व्यापारी पैसे चार-चार महिने थांबवतो, वीजबिल थांबत नाही. पैसेवाला म्हणजे लुच्चाच, हे आपल्या मराठी लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पोरं धंद्यात उतरायला घाबरतात. घरात धंद्याचं नाव काढलं की आई म्हणते नोकरी बघ बाबा, अब्रूची. ह्यानं नुकसान कुणाचं झालं?

लालबागकर
मागवाले साहेब, तुमचा मुद्दा पटतो पण गिरणगावाचंही ऐका. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. वडील त्यातले एक. संप फसल्यावर जे ऐकलं ते असं की गिरणी कामगारांना माज आला होता, काम नको होतं. पुढे त्याच जमिनींवर टॉवर आले. गिरण्या चालवण्यापेक्षा जमिनीत जास्त पैसा होता ही गोष्ट सगळ्यांना दिसत होती, तरी लोकांच्या तोंडी राहिला तो कामगारांचा माज. मालकांनी यंत्रं वर्षानुवर्षं बदलली नाहीत त्याला कुणी आळस म्हटलं नाही.

मागवाला
हे खरं आहे. आमच्याकडंही ज्यांनी नवीन माग घेतले नाहीत ते बसले, आणि दोष कामगारांवर आला. पण म्हणून प्रत्येक मालक तसा नसतो एवढंच माझं म्हणणं.

सायली_नाशिक
मागवाला, तुमच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. धाग्याचा विषय श्रीमंतांबद्दलच्या समजुतीही आहे आणि ती बाजू कुणी मांडत नव्हतं. मला वाटतं छोटा कारखानदार आणि वरचा १ टक्का यांना आपण एकाच शब्दात बसवतो, आणि वरच्यांवरचा राग जवळ दिसणाऱ्या माणसावर निघतो, कारण वरचे दिसतच नाहीत.

ऱ्हाइनकाठी
जर्मनीत कोलोनला राहतो. इथे प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८. दुकानातल्या मशीनमध्ये बाटली परत केली की पैसे. बरेच म्हातारे लोक, पेन्शन कमी पडणारे, कचऱ्याच्या डब्यांतून बाटल्या गोळा करतात. सुरुवातीला मला ते फार लागलं, सत्तरीच्या आजी, नीट इस्त्री केलेला कोट, हातात टॉर्च. इथे एक पद्धत आहे की लोक रिकामी बाटली डब्यात न टाकता डब्याच्या बाजूला उभी ठेवतात, म्हणजे कुणाला हात घालावा लागू नये. ही माणुसकी खरी आहे. पण तेच लोक ‘ब्युर्गरगेल्ड’, म्हणजे २०२३ पासून सुरू झालेला बेरोजगारांचा भत्ता, त्यावर बोलायला लागले की ऐकवत नाही. घेणारे सगळे आळशी, आणि त्यात परदेशी नावाचा असेल तर विचारूच नका. म्हणजे बाटल्या गोळा करणारी आजी चांगली गरीब, भत्ता घेणारा वाईट गरीब. मदत न मागणारा गरीब सगळ्यांनाच आवडतो.

मनोगती
शेवटचं वाक्य अगदी नेमकं.

हिशेबनीस
हे तर लाडक्या बहिणीसारखंच झालं. पण एक विचारतो, आमच्या गावी (तालुका निफाड) द्राक्षबागेत कामाला बायका मिळत नाहीत हे खरं आहे. भाऊ रोज फोनवर हेच सांगतो. मग त्याचा १५०० शी काही संबंध नाही असं कसं म्हणता?

बालाघाट
हिशेबनीस साहेब, १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये झाले. तुमच्याकडं बागेत रोज काय देतेत? आमच्याकडं खुरपणीला ३०० आहे. ५० साठी ३०० कोण सोडल? बायका मिळत नाहीत कारण गावातली तरणी माणसं शहरात गेली, पोरी शिकायलेत, आन ज्या राहिल्या त्यांना आता एवढं तरी झालं की ‘२०० ला ये’ म्हणलं तर नाही म्हणता येतं. नाही म्हणता येणं म्हणजे आळस का?

सायली_नाशिक
अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हेच तपासलं होतं, ६ विकसनशील देशांतल्या ७ रोख मदत योजना घेऊन. पैसे मिळाले म्हणून लोक काम सोडतात असं कुठेच ठोसपणे दिसलं नाही. आपली योजना त्यात नाही, ती निवडणुकीच्या तोंडावर आली, तिच्या हिशोबावर टीका व्हायलाच हवी. पण योजनेवर टीका वेगळी आणि ती घेणाऱ्या बाईचा स्वभाव ठरवणं वेगळं.

जुनं_खोड
मंडळी, वय ७१. माझं बालपण सांगोल्याकडचं. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. गावात पाणी नाही, बैल चारा छावणीत, आणि सगळं गाव सरकारी कामावर, नालाबंडिंग, पाझर तलाव, खडी फोडणं. खायला अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आणि कामावर मिळायची ती सुकडी. तोवर गावात काही घरं होती ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कामचुकार म्हणायचे, भूमिहीन माणसं. त्या वर्षी त्यांच्या शेजारी बसून चाळीस एकरवाल्यांच्या सुना डोक्यावर पदर घेऊन खडी फोडत होत्या. चाळीस एकर कोरडे असले की त्यांचा उपयोग शून्य. आणि हजेरीपटावर काय दिसलं? ज्यांना कामचुकार म्हणत होते त्यांचे ब्रास (खडीचं माप) जास्त भरायचे, कारण हाताला सवय. चांगल्या घरच्या माणसांच्या हाताला फोड. मुकादम आमच्याच भावकीतला, तो माझ्या आजोबांना म्हणाला, आण्णा, ह्या लोकांची मजुरी आपण शेतात निम्मी देत होतो.

त्यातूनच पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी आली, १९७७ ला कायदा झाला. तिच्यासाठी १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला लागले. आज तुमच्या पगारपत्रकात प्रोफेशनल टॅक्स म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० जातात ना, त्याचं मूळ ते. पुढे देशाचा कायदा झाला २००५ साली. आणि दुष्काळ सरला तशी पुन्हा रोहयोवरची माणसं टंगळमंगळ करतात ही भाषा सुरू झाली, खड्ड्याच्या मापात खोटं करणारे इंजिनियर सोडून. चार पावसाळे चांगले गेले की माणसं विसरतात.

सह्याद्रीवारा
काका, हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका प्लीज. प्रोफेशनल टॅक्सचं मला माहीतच नव्हतं, दर महिन्याला कापतात आणि मी शिव्या घालतो.

निळी_पहाट
पूर्ण धागा वाचला. चांगला चाललाय पण एक शब्द कुणी काढला नाही, जात. जुनं खोड काकांनी ‘भूमिहीन माणसं’ म्हटलं, ती कुठल्या वाड्यातली होती हे न सांगता कळतं. आपल्याकडे गरिबाबद्दलच्या समजुतींचा अर्धा भाग जातीतून आलाय आणि पैसा आला तरी तो जात नाही. माझ्या वडिलांनी रीतसर कर्ज काढून गाडी घेतली तेव्हा ‘आता यांचेच दिवस आहेत’ हे वाक्य ऐकलं. हिशेबनीसांनी गाडी घेतली तर कष्टाने घेतली म्हणतील.

सगळ्यात टोकाचं उदाहरण म्हणजे पारधी समाज. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, नंतर तो मुंबई प्रांतातही आला. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती, हजेरी द्यावी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांना विमुक्त केलं. एवढी वर्षं झाली तरी गावात चोरी झाली की पहिली धाड पारधी पालावर. आता विचार करा, ज्याला जमीन नाही, रेशनकार्डाला पत्ता नाही, कामावर कुणी ठेवत नाही, त्याच्याबद्दल ‘हे लोक स्थिर राहतच नाहीत’ असं म्हणायचं. आधी राहू दिलं नाही, मग राहत नाहीत हा स्वभाव ठरवला.

जुनं_खोड
बरोबर आहे तुमचं. महारवाडा आणि मांगवाडा. लिहायला पाहिजे होतं.

आगोंदकार
गोव्यातून. आमच्याकडे घाटावरून आलेल्या मजुराला ‘घाटी’ म्हणून मोकळे होतात, आणि आसगावला बंगले घेणाऱ्या दिल्लीवाल्यांनाही नावं ठेवतात. फरक इतकाच की दिल्लीवाल्याला तोंडावर ‘सर’ म्हणतात.

फळा_खडू
निळी पहाट यांच्याशी सहमत. मी शिक्षक, खाजगी शाळेत. शिक्षण हक्क कायद्यातले गरीब आणि वंचित मुलांसाठीचे २५ टक्के प्रवेश आमच्याकडे आहेत. पहिल्या वर्षी पालकसभेत एका वडिलांनी उभं राहून विचारलं होतं की त्या मुलांमुळे आमच्या मुलांची भाषा बिघडली तर जबाबदार कोण. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना या प्रवेशांतून सोडवलं होतं, तेव्हा आमच्या काही पालकांना झालेला आनंद मी बघितलाय. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

पण वर्गात काय होतं ते सांगतो. पहिलीत मुलांना काही कळत नाही, डबा एकत्र. तिसरी-चौथीत वाढदिवसाची रिटर्न गिफ्ट सुरू होतात आणि तिथून मुलं वेगळी बसायला लागतात. आमच्या वर्गात एक मुलगा, वडील रंगारी, त्याच्या वाढदिवसाला शाळेत आलाच नाही, कारण चॉकलेटं आणायला लागतात. मी मुख्याध्यापिकांना सांगून वर्गात वाटणं बंदच केलं, वाढदिवसाला मुलाने वाचनालयातलं एक पुस्तक वर्गाला वाचून दाखवायचं असं ठेवलं. पालकांनी तक्रार केली, मुलांनी नाही.

दिल्लीतल्या महागड्या शाळांचा गौतम राव यांचा अभ्यास आहे, २०१९ ला छापून आला. ज्या श्रीमंत मुलांच्या वर्गात गरीब मुलं होती ती जास्त उदार निघाली आणि गरीब मुलांशी कमी भेदभाव करायला लागली. त्यात रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा होता. एकत्र न शिकलेली काही श्रीमंत मुलं जास्त वेगवान गरीब मुलाला सोडून हळू पळणाऱ्या श्रीमंत मुलाला निवडत होती, बक्षीस लहान असेल तेव्हा जास्तच. म्हणजे भेदभावापायी ती स्वतः हरायलाही तयार होती. एकत्र शिकलेल्यांत हे कमी झालं.

मावळतीची_उन्हं
माझी मुलगी अशाच शाळेत आहे, आणि मी वर हिशेबनीसना +१ दिला होता. सर, वाढदिवसाचा नियम आमच्या शाळेत सुचवते.

हिशेबनीस
फळा खडू सरांचं उदाहरण आवडलं. माझी भूमिका पूर्ण बदललेली नाही, माणसाने स्वतः प्रामाणिक राहावं हे मी म्हणणारच. पण मीनलच्या रजेच्या मुद्द्यावर घरी बोललो. आमच्या मावशींना आम्ही महिन्याला दोन सुट्ट्या देतो, आजारपणाची वेगळी नाहीच. बायको म्हणाली कधी विचारच केला नाही.

सायली_नाशिक
सगळं वाचून माझं मूळ मत थोडं पुढे सरकलंय. मला वाटत होतं समजुती दरी पचवायला लागतात. आता वाटतं त्याआधी अंतर येतं. वेगळी वस्ती, वेगळी शाळा, वेगळी लिफ्ट, आणि भेट होते ती फक्त पैसे देता-घेता. तेवढ्याच वेळेत एकमेकांचा अख्खा स्वभाव ठरतो. मागवाल्यांना कामगार पगाराच्या दिवशी भेटतो, हिशेबनीसना ड्रायव्हर रजा मागताना. मग दिसणार काय?

मागवाला
पगाराच्या दिवशी नाही ताई, मी रोज शेडमध्ये असतो. पण बहुतेक मालक नसतात हे कबूल.

निळी_पहाट
सायली, अंतर आपोआप येत नाही, ठेवलं जातं. आणि नुसतं एकत्र बसवून भागत नाही, मजुरी आणि जमीन याचंही बघावं लागतं. पण शाळेपासून सुरुवात होत असेल तर होऊ द्या.

मीनल_व
मला एक अगदी साधी गोष्ट सुचवायची आहे. वेगळ्या लिफ्टवर बऱ्याच ठिकाणी वाद होतो, वर्तमानपत्रात येतं. पण संडासाचं कुणी बोलत नाही. आई सकाळी साडेसहाला निघून दुपारी तीनला परतायची आणि मधे जाता यायचं नाही. घरात वापरू देत नाहीत आणि बायकाही विचारायला लाजतात. म्हणून ती पाणीच पीत नव्हती, पुढे मुतखडा झाला. वर ‘हे लोक अस्वच्छ असतात’ हेही तिनेच ऐकायचं. तुमच्यापैकी जे सोसायटीत राहतात त्यांनी तळमजल्यावर कामाला येणाऱ्या बायकांसाठी संडास आहे का, त्याला कुलूप आहे का आणि किल्ली कुणाकडे असते हे फक्त बघून या.

ऱ्हाइनकाठी
पुण्यात आईवडिलांच्या सोसायटीत विचारलं आत्ताच फोन करून. आहे, कुलूप आहे, किल्ली सेक्रेटरींच्या घरी. पुरुष वॉचमन वापरतो तो एकच.

सह्याद्रीवारा
आमच्याकडे एकही नाही. ९६ फ्लॅट. रविवारी कमिटीची मीटिंग आहे, लेखी अर्ज देतोय. मीनलताई, मजकूर एकदा बघून द्याल का?

मीनल_व
पाठवा, आज रात्रपाळी आहे, पहाटे वाचते. बायकांसाठी वेगळा आणि आतून कडी असलेला हवा, हे आत्ताच लिहून ठेवा.